पवनचक्कीचं पातं: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

९ जानेवारी

विषयावर सरांची सही झाली. छोट्या पवनचक्कीसाठी १.२ मीटर लांबीचं काच-इपॉक्सीचं पातं (काचेचे धागे आणि त्यांना बांधून धरणारं इपॉक्सी रेझिन), हातानं थर लावून. तीन पात्यांचा रोटर, मिनिटाला ४०० फेरे धरले तर टोकाचा वेग सेकंदाला ५० मीटर. साताऱ्याच्या पोरांनी हा विषय घेतला यात कुणाला नवल वाटणार नाही. ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर चढलं की चहूकडे हेच फिरत असतं, आणि तिथली अवाढव्य पातीही मुळात याच जातीची.

गटात पहिला वाद कार्बनवरून. आकडे फळ्यावर मांडले. ताठपणा गिगापास्कलमध्ये: पोलाद २१०, टी ३०० जातीचा कार्बन धागा २३०, ई-काच (धाग्यांची नेहमीची काच) ७२, इपॉक्सी ३. घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) त्याच क्रमानं ७.८५, १.७६, २.५५ आणि १.१७. कार्बन भारी आहे हे खरं, पण किंमत पाहिल्यावर वाद आपोआप मिटला. सरांचं लक्ष मात्र शेवटच्या आकड्यावर. म्हणाले, "सगळे धाग्याबद्दल बोलताय. तो ३ आकडा कुणी विचारातच घेत नाहीये. पातं नंतर करा, आधी त्या तिनाशी ओळख करून घ्या."

म्हणून पहिले दोन महिने नुसत्या सपाट प्लेटा.

१३ जानेवारी

मिश्रणाचा नियम. निम्मं आकारमान काच, निम्मं इपॉक्सी धरलं तर धाग्यांच्या दिशेनं ०.५ × ७२ + ०.५ × ३, म्हणजे ३७.५ गिगापास्कल. आडव्या दिशेला व्यस्तांची बेरीज करावी लागते आणि उत्तर येतं ५.८ च्या जवळ. निम्मी काच ओतूनही आडव्या दिशेनं माल नुसत्या इपॉक्सीच्या दुप्पटही धड ताठ होत नाही. काच आत आहेच, पण भार तिच्यापर्यंत रेझिनमधूनच पोचतो, आणि रेझिन मऊ.

मग काच कापडात का घालायची, जाड कांडी का नाही? याचं उत्तर १९२०च्या सुमारास ग्रिफिथनं इंग्लंडात देऊन ठेवलंय: काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरांवर ठरते, आणि धागा जितका बारीक तितकी मोठी चीर सापडण्याची शक्यता कमी. खिडकीची काच १०० मेगापास्कलच्या आतच फुटते. ताजा ओढलेला ई-काचेचा धागा ३४०० च्या घरात जातो. फक्त त्याला हाताळताना ओरखडा पडला की ती श्रीमंती संपली. रेझिनचं एक काम म्हणजे हा ओरखडा पडू न देणं.

१७ जानेवारी

एमआयडीसीत काकांच्या वर्कशॉपवर. पाण्याच्या टाक्या, बसची बंपर, गणपतीत देखाव्याचे खांब, सगळं एफआरपी, म्हणजे काचेचे धागे घातलेलं प्लास्टिक. शेडमध्ये पाऊल टाकताच स्टायरिनचा (पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवाचा) वास नाकात जातो तो घरी पोचेपर्यंत निघत नाही.

काकांचं काम पॉलिएस्टरवर. साच्याला वॅक्स, मग जेलकोट (बाहेरून दिसणारा रेझिनचा थर), त्यावर चॉपमॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई), ब्रशनं रेझिन पाजायचं आणि रोलरनं हवा काढायची. कोबाल्ट (क्रियेचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा) यांचे डबे शेडच्या दोन टोकांना. विचारलं तर म्हणाले, "ही दोघं थेट एकमेकांना भेटली तर शेड उडंल. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, पूर्ण मुरलं की मगच दुसरं." बरोबरच आहे, त्यांचा हार्डनर, एमईकेपी, हे पेरॉक्साइड आहे.

आम्ही समजत होतो की चॉपमॅट कमकुवत कारण धागे तुकड्या-तुकड्यांचे. हिशेब केला तर तसं निघत नाही. धाग्यात भार पूर्ण चढायला लागणारी लांबी म्हणजे धाग्याची ताकद गुणिले व्यास, भागिले धागा-रेझिन सांध्याच्या कातरताकदीची (सरकण्याला होणाऱ्या विरोधाची) दुप्पट. २००० मेगापास्कल, १३ मायक्रॉन आणि ३० मेगापास्कल घातले की उत्तर ०.४३ मिमी. मॅटमधले तुकडे ५० मिमीच्या आसपास असतात, म्हणजे शंभरपट लांब. मॅट मार खाते ती दिशा नसल्यामुळे आणि काच विरळ बसते म्हणून.

मॅट आम्हाला मागे सोडावी लागणार, त्याचं कारण काकांनीच सांगितलं. तुकडे एकत्र धरणारा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट तशीच ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही, नीट भिजत नाही. इपॉक्सीला विणलेलं कापडच, तेही इपॉक्सीला मानवणारं सायझिंग (धाग्यावरचा लेप) असलेलं. ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड घ्यायचं ठरलं.

२४ जानेवारी

रेझिन आलं: एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१. इथं सगळीकडे वजनानं १०० ला १० हे प्रमाण पाठ असतं. ते कुठून येतं ते काढून पाहिलं.

हार्डनर म्हणजे ट्रायइथिलीन टेट्रामाइन, रेणूवजन १४६. त्यात इपॉक्सीशी जुळू शकणारे हायड्रोजन सहा, म्हणजे एका हायड्रोजनमागे २४.४ ग्रॅम. रेझिनमध्ये एका इपॉक्सी गटामागे साधारण १८७ ग्रॅम. भागाकार केला तर १०० ला १३. बाजारातलं १० हे त्याहून कमी आहे. जास्त हार्डनरनं काम लवकर होईल हा समज चुकीचा: उरलेला अमाइन (म्हणजे हार्डनरच) रेणूंच्या जाळ्याला टोक मोकळं सोडतो आणि माल मऊ, पाणी पिणारा होतो. पॉलिएस्टरवाल्यांना उत्प्रेरक कमी-जास्त करून वेळ जुळवायची सवय असते, ती इथं चालत नाही. इथला हार्डनर स्वतः जाळ्याचा भाग होतो.

पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंचा ढीग नसून लांबच लांब सलग साखळ्या, हे १९२० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगरनं मांडलं तेव्हा रसायनवाल्यांनी त्याला उडवून लावलं होतं. नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. नायलॉन, पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या सुट्या असतात, तापवल्या की एकमेकींवरून सरकतात, पुन्हा साच्यात घालता येतात. आमच्या इपॉक्सीत सहा हातांचा हार्डनर साखळ्यांना आडव्या-तिडव्या बांधून टाकतो. सगळी प्लेट तत्त्वतः एकच रेणू. पुन्हा वितळणं नाही.

मग एक मुद्दाम केलेला प्रयोग. २०० ग्रॅम मिश्रण दोन भागांत: अर्धं कागदी कपात, अर्धं पसरट ट्रेमध्ये. ट्रे संध्याकाळपर्यंत शांत. कपातलं अर्धा तास नुसतं कोमट, मग पाच-सात मिनिटांत असं तापलं की कप हातात धरवेना. बुडबुडे, पिवळा-तपकिरी रंग, धूर. क्रिया उष्णता सोडते, उष्णतेनं क्रिया वाढते आणि कपाला उष्णता टाकायला पृष्ठभाग नाही. आमचा नियम: मिसळलं की लगेच ट्रेमध्ये ओतायचं.

१ फेब्रुवारी

पहिली प्लेट. ३०० × ३०० मिमी, कापडाचे १० थर: २७० ग्रॅम काच. वजनात ५५ टक्के काच धरून रेझिन २२० ग्रॅम. काच चांगली भिजली की पांढरं कापड पारदर्शक होत जातं आणि खालचा थर दिसायला लागतो. जिथे दुधी डाग राहिला तिथे हवा आहे. रोलर मध्यातून कडेला, कधी कडेकडून मध्यात नाही.

६ फेब्रुवारी

दुसरी प्लेट व्हॅक्यूम बॅगमध्ये. पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांचा फिल्म, रेझिन शोषणारा ब्रीदर, वर पिशवी, कडेनं सीलंट टेप. पंपाचा आवाज कमी आणि गळती शोधण्यातच दुपार जास्त गेली. पट्टीला जिथे घडी पडते तिथे नेमकी शिट्टी वाजते.

११ फेब्रुवारी

जाळून पाहण्याची चाचणी, एएसटीएम डी २५८४ या मानकाप्रमाणे. २५ × २५ मिमीचा तुकडा क्रुसिबलमध्ये, मफल फर्नेस ५६५ अंशांवर. भट्टी उघडल्यावर आत जे उरतं ते पाहण्यासारखं असतं: रेझिन पूर्ण गेलेलं, आणि पांढरं कापड थर न् थर तसंच रचलेलं. चिमट्यानं एकेक थर उचलून मोजता येतो. पण हात लावला की भुगा. सायझिंग जळून गेलं, काच उष्णतेनं दुबळी झाली, आणि धागे एकमेकांवर घासून तुटतात. एकटी काच काय लायकीची असते ते यापेक्षा चांगलं दाखवता येणार नाही.

हाताच्या प्लेटचा तुकडा ३.३२ ग्रॅमचा १.८३ झाला: वजनात ५५ टक्के काच, आकारमानात ३६. पाण्यात तोलून काढलेली घनता १.६२, हिशेबाची १.६७, म्हणजे सुमारे ३ टक्के पोकळी. व्हॅक्यूमच्या प्लेटमध्ये काच वजनात ६८ टक्के, आकारमानात ४९. तेच कापड, तेच रेझिन, तेच हात. फरक फक्त जादा रेझिन आणि हवा पिळून काढण्याचा.

२१ फेब्रुवारी

वाकवण्याची चाचणी. हाताच्या प्लेटसाठी ३६ टक्क्यांवरून केलेला हिशेब: लांबीच्या दिशेनं २८, आडव्यात ४.६, कापडात दोन्ही दिशांना सारखे धागे म्हणून सरासरी १६ गिगापास्कल. मशीननं दिले १४. विणीत धागा वर-खाली जातो, सरळ नसतो, तिथे हे जातं.

मला आकड्यापेक्षा तुटण्याची जागा महत्त्वाची वाटली. तीन बिंदूंवर वाकवलं की खालचा पृष्ठभाग ताणला जातो, वरचा दाबला जातो. सगळ्यांची पैज खालची बाजू फाटेल अशी. भिंगाखाली पाहिलं तर खालचे धागे शाबूत, आणि वर, दाबाच्या बाजूला, पट्टीच्या रुंदीभर एक पांढरट सुरकुती. धागे तुटले नव्हते, आडवे लवंडले होते. १३ मायक्रॉनचा धागा दाबाखाली उभा राहतो तो चारी बाजूंनी रेझिननं धरून ठेवलंय म्हणून. ओढताना सगळी करामत काचेची. दाबताना धरून ठेवणाऱ्याची.

आखूड पट्टीची कातर चाचणीही उरकली. थरांमधली कातरताकद हाताच्या प्लेटची २८ मेगापास्कल, व्हॅक्यूमची ३८. थरांच्या मधे काच नसतेच, तिथे फक्त रेझिन आणि त्यातली हवा.

१ मार्च

आजची नोंद लांबणार.

उन्हाळा तोंडावर. गच्चीवर दुपारी ठेवलेला गडद पृष्ठभाग ६०-७० अंशांना सहज जातो. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी तिथे काय करतं? ओव्हनमध्ये २०० मिमी बाहेर काढलेल्या पट्ट्या एका टोकाला आवळल्या, दुसऱ्या टोकाला ३०० ग्रॅमचं वजन, तापमान ७० अंश.

सरळ कापलेली पट्टी, म्हणजे निम्मे धागे लांबीच्या दिशेनं, जवळजवळ जागची हलली नाही. तीच प्लेट ४५ अंशांत तिरकी कापून केलेली पट्टी: बाहेर ती १४ मिमी वाकत होती, ओव्हनमध्ये अर्ध्या तासात उन्हातल्या पापडासारखी मान टाकून बसली. तिरक्या पट्टीत एकही धागा टोकापासून टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे भार शेवटी रेझिनच्या कातरावर येतो. आणि पात्याची कातडी आम्ही तिरकीच घालणार आहोत, कारण पीळ तीच सोसते.

कारण काचसंक्रमण तापमान. त्याच्या खाली साखळ्या गोठलेल्या, माल कडक. वर गेल्या की हलायला मोकळ्या, आणि ताठपणा शंभराव्या भागापर्यंत घसरू शकतो. आता गंमत: हे तापमान मालाचा कायमचा गुण नाही, तो किती क्युअर झालाय (घट्ट होण्याची क्रिया किती पुढे गेलीय) त्यावर ठरतं. खोलीत २८ अंशांना क्रिया सुरू होते, गाठी वाढतात, संक्रमण तापमान चढत जातं. ते खोलीच्या तापमानाच्या थोडं वर गेलं की साखळ्या गोठतात, उरलेले अमाइन आणि इपॉक्सी गट एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत, क्रिया अडकते. माल हाताला दगडासारखा लागतो. निम्मं-शिम्मं काम आत तसंच पडून असतं. आठवडा ठेवा नाहीतर महिना, फरक थोडाच.

वाकलेली पट्टी थंड केली. वाक कायम राहिला. पुन्हा तेच वजन, पुन्हा ७० अंश. या वेळी ती फारशी खाली गेलीच नाही. पहिल्या तापवण्यात साखळ्या मोकळ्या झाल्या, अडलेली क्रिया पुढे गेली, संक्रमण तापमान ७० च्या वर सरकलं. म्हणजे गच्चीवरचं पातं पहिल्याच उन्हाळ्यात आपलं आपण पक्कं होईल, पण त्या क्षणी ज्या आकारात वाकलेलं असेल त्याच आकारात.

सरांनी यावर फक्त एवढंच विचारलं, "मग पोस्ट-क्युअर, म्हणजे तापवून उरलेली क्रिया पुरी करणं, कुठे करणार?" कॉलेजच्या ओव्हनमध्ये पातं मावत नाही.

८ मार्च

तुटलेल्या पट्ट्या, कपातला जळका गोळा, ट्रे; भंगारवाला हात लावायला तयार नाही. वितळत नाही ते त्याच्या कामाचं नाही. मोठ्या पात्यांचंही हेच दुखणं: आयुष्य संपलं की कापून पुरतात किंवा सिमेंटच्या भट्टीत घालतात, तिथे रेझिन इंधन होतं आणि काच क्लिंकरमध्ये (सिमेंटच्या कच्च्या खड्यांत) जाते. २०२१ मध्ये सीमेन्स गमेसानं जे पुनर्वापराचं पातं आणलं त्यात काच तीच, बदललं ते रेझिन: जाळ्यातल्या गाठी सौम्य आम्लात सुटतील असं. आमची पोती सध्या लॅबच्या मागे.

१२ मार्च

भारांचा हिशेब. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात रोटरवरचा रेटा सुमारे २२० न्यूटन, एका पात्याला ७४, मुळाशी वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) ५९ न्यूटन-मीटर. वळवाच्या वादळात चक्की बांधून ठेवलेली असताना ४० मीटरचा झोत सपाट पात्यावर आला तर ८९. फिरण्यापेक्षा उभं राहणं जड. चाचणी दुपटीला, १७८ ला करायची.

मुळाजवळ दोन स्पार पट्ट्या (पात्याच्या आतला कणा), ५० मिमी रुंद, २ मिमी जाड, एकदिश काचेच्या, मधे २३ मिमी अंतर. पूर्ण चाचणीभाराला ताण ७७ मेगापास्कल. काचेला हे काहीच नाही. अपकेंद्री ओढ ०.९ किलो वजनाला साधारण ७१० न्यूटन, तीही किरकोळ. काळजी करायची ती दाबाकडची पातळ कातडी, चिकटवलेला सांधा आणि मुळातल्या बोल्टांची भोकं यांची. तिन्ही ठिकाणी रेझिनचं राज्य.

२४ मार्च

दोन अर्धे साच्यातून निघाले. कातडीला तिरक्या कापडाचे दोन थर, त्यावर स्पार पट्टीचे चार. आतली बाजू बोटाला तेलकट लागली: हार्डनरमधला अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा घेऊन पृष्ठभागावर मेणचट थर सोडतो. काकांचा पोरगा थिनर घेऊन आला, पण हा थर थिनरनं नुसता पसरतो, जातो तो पाण्यानं. कोमट पाणी, घासणी, कोरडं करून पॉलिश पेपर, मग सांधा चिकटवायला इपॉक्सीत एरोसिल (सिलिकाची अतिबारीक पूड) घालून केलेली लापशी. जिथे पील प्लाय लावला होता तिथे हे काहीच करावं लागलं नाही, सोलला की स्वच्छ खरखरीत पृष्ठभाग.

२९ मार्च

ओव्हन सापडला. पावडर कोटिंगवाल्याचा, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी. तो १८०-२०० अंशांवर चालवतो, ८० वर स्थिर ठेवायला कुरकुरत होता ("एवढ्यात तर चहासुद्धा होत नाही"). पातं लाकडी खोबणींवर पूर्ण लांबीभर टेकवलं. ४० पासून तासाला दहा अंश, ८० ला चार तास, आणि दार न उघडता थंड. चढ सावकाश ठेवायचं कारण १ मार्चच्या नोंदीत आहे: संक्रमण तापमानाला ओव्हनच्या पुढे पळायला वेळ मिळाला पाहिजे. एकदम ८० ला टाकलं असतं तर पात्यानं खोबणींचा आकार घेतला असता. बाहेर काढल्यावर पीळ मोजला, टोकाशी अर्ध्या अंशाच्या आत.

५ एप्रिल

स्थिर भाराची चाचणी. पात्याचं मूळ लोखंडी चॅनेलला बोल्टनं आवळलं, पातं उताणं, वर वाळूच्या पिशव्या, टोकाकडे जास्त. मुळाशी १७८ न्यूटन-मीटर होईपर्यंत एकूण २२ किलोच्या थोडं वर. टोक ११८ मिमी खाली.

निम्म्या भारानंतर टिक-टिक ऐकू यायला लागली. बहुधा मुळाजवळच्या तिरक्या थरांत रेझिनला बारीक चिरा. त्याच भारावर थांबलं की आवाज बंद, म्हणून पुढे गेलो. शेवटच्या दोन पिशव्यांना दाबाच्या बाजूची मागची कातडी, स्पार आणि मागची कड यांच्या मधली, किंचित लाटेसारखी उचलली. टॉर्च आडवा धरल्यावरच दिसते. पिशव्या उतरवल्या की लाट गेली, टोक परत ३ मिमीच्या आत आलं, सांधा कुठे सुटला नाही. नाण्यानं ठोकून पाहिलं, आवाज सगळीकडे सारखा.

पॅनेलचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, त्यामुळे तिथे आणखी काच घालण्यापेक्षा कातडीच्या आत ५ मिमी फोमची पट्टी घालून वर एक पातळ थर देणं स्वस्त आणि हलकं. वाढणारं वजन २५ ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या दोन पात्यांत ही पट्टी सुरुवातीपासून जाईल. पहिलं पातं चाचणीलाच राहील आणि रोटरसाठी तिसरं नवं करायचं. पावडर कोटिंगवाल्याकडून पुढची सुट्टी मागून ठेवली आहे, तिन्ही एकाच भट्टीत जातील.